शंभर पाण्यांचं तूप

डाव्या हाताला इसब झाला होता आणि त्यावर मी बिब्बा लावला.

हे वाक्य आज पहिल्यांदा माझ्या हातून कागदावर उतरतं आहे. गावात तर ते तोंडातून कधीच निघालं नाही — बायकोसमोर नाही, भावासमोर नाही, पूजा सांगायला येणाऱ्या स्वामींसमोरही नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? लोक अंगाला काय काय फासतात आणि पस्तावतात. बरोबर आहे. शिवाय मी स्वतःच्या फजित्या सांगण्यात पटाईत माणूस. उतरायचं होतं गंगाखेडला आणि बसल्या जागी डुलकी लागून परळीला पोचलो ती गोष्ट, न्हाव्याच्या पाव्हण्यालाच न्हावी समजून त्याच्यापुढे गाल करून बसलो ती गोष्ट — सगळ्या राणीसावरगावाला पाठ आहेत. लग्न ठरायच्या दिवशी माझं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं, हीसुद्धा मी शेकडो वेळा रंगवून सांगितली. फक्त ते कशानं सुजलं तिथं आलो की, "अहो, ते ठकूमावशीचं तूप," असं म्हणून पुढे जायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

ते तूप नव्हतं.

थांबा, नीट सांगतो. नीट म्हणजे — मला जमेल तसं. एवढी वर्षं गोष्ट एका बाजूनं सांगायची सवय लागली की दुसऱ्या बाजूनं जीभ वळत नाही.

निजामाच्या राज्यातली शेवटची काही वर्षं. आमचं किराण्याचं दुकान होतं. दुकानात वडील — त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो — थोरला भाऊ आणि मी. वय वीस. गंगाखेडच्या मदरशात सहा इयत्ता उर्दू शिकून आलेलो. गावात कुणाला तहसीलचा कागद आला की तो घेऊन माणूस माझ्याकडे. मी कागद डोळ्यांपासून जरा लांब धरायचो, 'हं' म्हणायचो, भुवया चढवायचो. अर्ध्या शब्दांचा अर्थ मला लागत नसे, पण भुवयांचं काम चोख होतं. गाव म्हणायचं, अप्पाचा शिवा लय हुशार. हे लक्षात ठेवा. माझं सगळं पाप ह्या हुशारीतून निघालं.

डाव्या तळहातावर आधी बारीक पुरळ आलं. मग कातडी लाल झाली, चिरली, चिरांतून पाणी पाझरायला लागलं. खाज अशी की धोतराच्या काठावर घासलं तरी भागेना. दुकानात मी त्याच हातानं मिरची तोलायचो, धुण्याचा सोडा उपसायचो — आणि वर म्हणायचो, हे वाढतंय कशानं?

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, पूजा करायची. आता त्या पाझरणाऱ्या हातावर लिंग कसं घ्यायचं? मी भिंतीकडे तोंड करून बसू लागलो. अप्पांना वाटलं, पोराची भक्ती वाढली. एकाग्र होतंय. मी मात्र लिंग धोतराच्या घडीवर ठेवून ओठ हलवत असायचो. म्हणजे खोटेपणाची सुरुवात देवापासूनच झाली म्हणायची.

ठकूमावशीनं ते आधी ओळखलं. ठकूमावशी गावची कासारीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, काकणांची पेटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरायची. अर्ध्या गावाचे हात तिच्या हातात येऊन गेलेले. अंगठा आत दुमडून, पंजा दाबून काकण चढवताना तिला बाईचं सगळं कळायचं — कुणाला ताप आहे, कुणी राखेनं भांडी घासून हात फोडून घेतलेत, कुणाच्या काकणाखाली इसब लपलाय. माझ्या वहिनीच्या हातांना दर थंडीत इसब फुलायचा, तो मावशीच सांभाळायची. वहिनीला काकणं भरता भरता एकदा तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शिवा, डावा हात पाठीमागं कशाला धरायलास रं? काय चोरलंस?"

हात दाखवावा लागला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला. किळस केली नाही. हे लिहिताना मुद्दाम लिहितो — तिनं किळस केली नाही.

"खरूज न्हाई ही. कोणाला लागायची न्हाई, भिऊ नको," म्हणाली. "कातडीला तहान लागलीय. पाणी सोडून दुसरंच पाजायलास तिला. सोड्याला हात लावू नको, लाकडाचा पळा घे. ऊन पाण्यानं धुऊ नको. धुतलास की घासून पुसायचं न्हाई, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं टिपायचं, आन् ओल हाय तवरच तूप लावायचं. खाज आली की गार वल्ला फडका ठेवायचा. नखं काढ आधी. ही नखं हायत का खुरपी?"

"मग किती दिवसांत जाईल?" मी विचारलं.

"जायाचं कुठं? ह्याला घालवायचं नसतंय, सांभाळायचं असतंय. महिन्याभरात हात भरून येईल. पुन्हा थंडीत फुलंल. पुन्हा सांभाळायचं."

हे मला पटलं नाही. शिकलेल्या माणसाला रोग जायलाच हवा होता.

तूप म्हणजे साधं तूप नाही. काशाच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, त्यात पाणी घालायचं, वाटीच्या बुडानं फिरवत राहायचं, पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं. असं शंभर वेळा. पिवळं तूप पांढरं पडतं, लोण्यासारखं हलकं होतं, तुपाचा वास जातो. ते कातडीला गार पडतं. मावशी म्हणाली, "पहिल्यांदा मी करून देते. पुढचं तूच धू. हात तुझा हाय."

मी बसलो धुवायला. तीस पाण्यांनंतर खांदा भरून आला. तूप पांढुरकं तर दिसत होतं. मग मी तिथंच थांबलो आणि वाटी तिला दाखवायला नेली. तिनं बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"शंभर झाले?"

"झाले."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

तुम्ही ओळखलं असेल, हात बरा होईना. होता होता थांबला. दोष कुणाचा? मी ठरवलं, तुपाचा.

त्यात पाथरीहून सोयरीक आली. चांगलं घर, जुने व्यापारी. अप्पांनी त्यांना कळवलं होतं की मुलगा उर्दू वाचतो, तालुक्याचे कागद करतो. पाव्हणे चार दिवसांनी यायचे होते, पटलं तर सुपारी फोडूनच जायचे होते. पानसुपारी देताना तळहात दिसणार. मला वाटलं, चार दिवसांत हात चकचकीत पाहिजे.

बिब्बा तुम्हाला माहीत असेलच. परीट कपड्यावर काळी खूण करतो ती त्याच्याच तेलाची, कितीही धुतली तरी जात नाही. आमच्याकडे टाचांना भेगा पडल्या की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचे आणि टपकणारं तेल भेगेत भरायचे. म्हातारी माणसं दात आवळून बसायची. आता माझी अक्कल ऐका — टाचेच्या भेगेला चालतो, तर तळहाताच्या भेगेला का चालू नये? हा विचार मला दुपारी दुकानाच्या मागं सुचला आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. फडताळात बिब्बे होते. एकात भागलं असतं. मी तीन घेतले.

पहिल्या क्षणी बरं वाटलं. खाज थांबली. मी हसलोसुद्धा. मग घाम आला म्हणून त्याच हातानं तोंड पुसलं. मान पुसली. आणखी कुठं कुठं हात लावला ते लिहीत नाही, बायाबापड्यांच्या हातात हा कागद पडेल.

दुसऱ्या दिवशी तळहात टम्म फुगला. कडेनं काळा डाग, मधे पाण्यानं भरलेले फोड. तोंड सुजलं, डोळे मिटत आले. मी अंगावर घोंगडं घेऊन तापाचं निमित्त केलं. पण पाव्हण्यांना घोंगडं कसं दाखवणार? ते आले. दारालगतच्या ढाळजेत बसले. अप्पांनी मला बाहेर काढलं.

माझे होणारे सासरे उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मुलाला काय झालं?"

अप्पा माझ्याकडे वळले. "काय लावलंस रं?"

आता इथं जरा थांबू द्या. कारण ह्याच ठिकाणी मी रोज परत येतो. मला काय धोका होता? इसबाचं नाव काढायची गरजच नव्हती. 'थंडीनं हात फुटला, बिब्बा लावला' — एवढं म्हटलं असतं तर? सोयरीक मोडली असती? नाही. रोगाचा संशय आला असता? तोही नाही. फार तर सासरे हसले असते. म्हणाले असते, शिकला सवरला आणि तोंडाला बिब्बा फासून बसला. गाव आठ दिवस हसलं असतं. बस्स. एवढंच. एका हसण्याला घाबरलो मी. जो माणूस पुढं जन्मभर लोकांना स्वतःवर हसवत आला, तो त्या दिवशी एका हसण्याला घाबरला.

मी म्हणालो, "हात फुटला होता. ठकूमावशीनं तूप दिलं. त्यानं उतलं."

अप्पांनी मावशीला बोलावणं धाडलं. ती पेटी तशीच डोक्यावर घेऊन आली, पेटी उतरवून दाराशी उभी राहिली. अप्पा म्हणाले, "ठकू, काय हे तुझं औषध? पोराचं तोंड बघ."

तिनं माझा हात घेतला. काळ्या डागावरून अंगठा फिरवला. कासारणीला बिब्ब्याचा डाग ओळखू येणार नाही?

"हे माझ्या तुपाचं न्हाई," ती म्हणाली.

"मग कशाचं?"

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला माझ्या सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून तिचे पाय दिसत होते, तेवढेच मी बघत राहिलो. मग ती म्हणाली, "त्याला ठावं असंल." तिनं पेटी उचलली. जाताना वळून म्हणाली, "खोबऱ्याचं तेल लावा. पाणी लावू नका, फोड फोडू नका." आणि गेली.

सुपारी फुटली. पाव्हणे समजूतदार निघाले. बायकांच्या औषधानं असं होतंच, म्हणाले.

पुढचं तुम्हाला वाटतं तसं एका दिवसात झालं नाही. हळूहळू झालं, म्हणून मला बघत बसावं लागलं. ठकूच्या औषधानं अप्पाच्या पोराचं तोंड उतलं, हे आधी पाणवठ्यावर गेलं. मग, तिच्या बोटांनाच ते औषध लागलेलं असतं, असं झालं. मग, त्याच बोटांनी ती काकणं भरते, असं झालं. मावशी बायकांना सांगायची, त्यानं बिब्बा लावला. बायका म्हणायच्या, शिकलेलं पोरगं बिब्बा कशाला लावंल? माझ्या भुवया, माझी उर्दू, माझे तहसीलचे कागद — सगळे तिच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले.

संक्रांत हा कासारणीचा सुगीचा सण. त्या संक्रांतीला बायकांनी आठवडी बाजारातल्या दुसऱ्या कासाराकडून काकणं भरली. मावशी आमच्या दारावरून गेली, हाक न देता. माझ्या लग्नाचा चुडा भरायलाही बाहेरचा कासार आणला. त्या उन्हाळ्यात ती पेटी घेऊन चुडावा गावी बहिणीकडे निघून गेली. जाताना घराला कुलूप लावलं नाही, असं लोक म्हणाले. मी बघायला गेलो नव्हतो.

त्यानंतरची थंडी आली आणि वहिनीचे हात फुटले. मावशी नाही, तूप नाही. राखेनं भांडी घासायची, हातांतून रक्त यायचं, भाकरी थापताना ती ओठ चावायची. एकदा तिनं विचारलं, "भाऊजी, खरंच तुपानंच झालं होतं का हो? मला तर कधी काय झालं न्हाई."

बघा, दुसऱ्यांदा संधी आली. घरातली माणसं, बंद दार, ऐकणारी एकटी वहिनी. हसलीसुद्धा नसती.

मी म्हणालो, "तुपानंच."

पहिलं खोटं भीतीचं होतं, म्हणा हवं तर. हे कशाचं होतं? मला अजून नाव सापडलेलं नाही.

तशा तीन थंड्या गेल्या. चौथ्या थंडीत मात्र बघवेना. काशाचं ताट घेतलं आणि दुपारी मागच्या अंगणात तूप धुवायला बसलो. शंभर चिंचोके शेजारी ठेवले, एका पाण्याला एक चिंचोका बाजूला. ह्या खेपेला शंभरच्या शंभर. तूप पांढरंशुभ्र झालं, वास गेला. वाटीत भरून वहिनीपुढं धरलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको भाऊजी. तुमचं काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय मी."

माझ्या हातात औषध होतं आणि माझ्याच शब्दानं तिचे हात पदरात बांधून ठेवले होते. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. मी वाटी घेऊन बाहेर आलो.

तीच वाटी घेऊन दोन दिवसांनी चुडाव्याला गेलो. गाडीतून उतरलो, विचारत विचारत बहिणीचं घर काढलं. मावशी ओट्यावर काकणं निवडत बसली होती, फुटकी एकीकडे, धड एकीकडे. केस पिकले होते. मला बघून उठली नाही, बस म्हणालीही नाही. मी वाटी पुढं केली. तिनं बोट बुडवलं, नाकाशी नेलं, मनगटाला चोळलं.

"शंभर झालेत," म्हणाली.

मग मी बोललो. उभ्या उभ्या, सगळं. बिब्बा, तीन बिब्बे, अप्पा, पाव्हणे, वहिनी. तीस पाण्यांचं सुद्धा सांगितलं. ती ऐकत होती आणि काकणं निवडत होती. संपल्यावर मला वाटलं, आता छाती हलकी होईल. माणसं तसं म्हणतात ना?

काय झालं ते सांगण्याआधी त्यानंतरचं सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला गोड करता येणार नाही. मी परत आलो आणि गावात बोललो नाही. त्या वर्षी नाही, पुढं नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, अप्पा गेले. ठकूमावशी चुडाव्यालाच वारली, राणीसावरगावात पुन्हा आली नाही. वहिनीनं शेवटपर्यंत तुपाला हात लावला नाही. तिच्या बोटांच्या चिरा मला अजून मोजता येतील. आणि मी ती भोपळ्याची गोष्ट सांगत राहिलो — ठकूमावशीचं तूप, असं म्हणत, ती मेल्यानंतरही. लोक हसत राहिले. थंडीत माझा हात अजून फुलतो. फडक्यानं टिपतो, ओल आहे तोवर तूप लावतो, नखं काढतो, जसं तिनं सांगितलं तसं. त्याच तळहातावर रोज लिंग घेतो. आता भिंतीकडे तोंड करत नाही, पण बघायला कोण आहे?

तर त्या दिवशी चुडाव्याला माझं बोलणं संपलं. मावशीनं हातातलं काकण उन्हाला धरून बघितलं, त्यात चीर होती, ते फुटक्यांत टाकलं. मग पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सगळ्या गावाला ठावं न्हाई," ती म्हणाली, "आन् ज्या एका बाईला ठावं हाय, तिलाच सांगायला एवढ्या लांब आलास व्हय रं?"